एकट्यापुरते ऑम्लेट

आपल्या समाजातील ज्या पुरुषांनी जन्मभर कमावून आणले पण चूल कधी पेटवली नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः आम्ही हे लिहीत आहोत. पत्नी जाते, मुले दुसऱ्या शहरात असतात, आणि रात्रीचे जेवण चहापावावर येऊन थांबते. लोद, अश्दोद, दिमोना, कोठेही पाहा, अशी घरे आहेत. भगिनींनी हे वाचून हसू नये. हातपाय चालत आहेत तोवर घरातल्या माणसाला उभे करून शिकवावे.

दोन मोठ्या अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. उतारवयात अंगातले मांस झडते, ते राखायला प्रथिने लागतात, आणि चहापावात ती फारशी नसतात. शिवाय ऑम्लेट खायला दात लागत नाहीत. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी आठवड्याला किती अंडी खावीत ते मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

आधी सारी तयारी, मग गॅस. वर्गात प्रयोग दाखवताना आम्ही हाच क्रम पाळत असू. खुर्चीवर बसून, टेबलावर पाटी ठेवून, अर्धा कांदा बारीक चिरावा. एक हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर, म्हणजे येथील कुसबरा. सोसत नसेल तर मिरची वगळावी, पण कोथिंबीर वगळू नये, तिच्याशिवाय ते ऑम्लेट नव्हे, येथील न्याहारीची नुसती खवीता झाली.

अंडे घेताना कवचावर छापलेली तारीख पाहावी. अक्षर बारीक असते, चष्मा लावावा. मग एकेक अंडे काचेच्या पेल्यात वेगळे फोडून, रक्ताचा ठिपका नाही ना ते पाहून, मोठ्या भांड्यात ओतावे. आई हे रोज करीत असे, कारण कोणी विचारत नसे. अंडे तयार होताना कोंबडीच्या पोटातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो ठिपका. पिल्लू धरल्याची ती खूण नव्हे, कारण बाजारातली अंडी बहुतेक पिल्लू न निघणारीच असतात. तरी रक्त आपल्याला वर्ज्य, म्हणून ठिपका दिसल्यास अंडे टाकून देण्याची आपली रीत आहे. पेला वेगळा असल्याने दुसरे अंडे वाया जात नाही.

दोन अंड्यांना दोन चिमट्या मीठ, चिमूटभर हळद आणि एक मोठा चमचा पाणी घालावे. पाण्याची वाफ होते आणि ऑम्लेट फुगते. काट्याने पांढरे-पिवळे एकजीव होईपर्यंत फेटावे, मग चिरलेले सर्व त्यात घालावे.

आता बाह्या वर सारून गॅस पेटवावा. लहान फ्रायपॅनमध्ये चहाचा एक चमचा तेल घालावे, दांडा आतल्या बाजूला वळवावा, म्हणजे जाता-येता धक्का लागणार नाही. तेल तापले की मिश्रण ओतून आच मंद करावी. पुरुषमंडळी नेमकी येथे घाई करतात. आच मोठी ठेवली की अंडे आवळते, त्यातले पाणी बाहेर पडते आणि ऑम्लेट चामड्यासारखे होते. तळ करपतो, वर मात्र कच्चेच राहते.

उलटण्याची भीती वाटते? उलटूच नये. हात कापत असेल त्याने तर मुळीच नाही. वर झाकण ठेवावे, तीन-चार मिनिटांत वाफेवर वरची बाजू शिजते. ओलसर चमक जाऊन ते घट्ट झाले पाहिजे. हॉटेलात मधे मऊ ठेवतात ते तरुणांना ठीक. कच्च्या अंड्यात कधी कधी साल्मोनेला नावाचे जंतू असतात, आणि आपल्या वयात तो जुलाब इस्पितळापर्यंत नेतो. शिजले की प्रथम गॅस बंद करावा, बटण हाताने चाचपून पाहावे, नंतरच ताट घ्यावे.

अंडे पारवे आहे, म्हणून ते दुधाबरोबर किंवा मांसाच्या जेवणातही चालते. पण पॅन कोणता, याकडे लक्ष हवे. मटणाच्या पॅनमध्ये केलेल्या ऑम्लेटवर चीज घालता येत नाही. एकट्या माणसाने अंड्यासाठी एक छोटा पॅन वेगळाच ठेवावा, भांडी घासणेही कमी होते.

शब्बाथसाठी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी करावे, निवले की झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. शनिवारी सकाळी तसेच गार, पावाच्या दोन कापांत, आंब्याच्या लोणच्याच्या एका फोडीबरोबर फार छान लागते. लोणचे मात्र घरचे असावे.