मोरीतील तेल आणि संमतीपत्र

खाद्यपदार्थांच्या व्यवसायात तेलाच्या प्रत्येक डब्याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. परंतु भांडी घासताना मोरीवाटे जे तेल निघून जाते, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. फरसाण, मिठाई व उपाहारगृहांचा व्यवसाय करणाऱ्या सभासद बंधूंसाठी त्याविषयी हे थोडे विवेचन.

कढईतील तेल उष्ण असेतो पाण्याबरोबर वाहते. पुढे सांडपाण्याच्या नळात ते निवते, कडेला थिजते आणि अन्नाचे कण त्यात अडकून वाट अरुंद होत जाते. गरम पाणी व साबण यांनी मोरी स्वच्छ दिसते खरी; पण तेल केवळ पुढे सरकून रस्त्याखालील गटारात थिजते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ साली थिजलेल्या तेलाचा व कचऱ्याचा सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा थर सापडला होता.

आपल्याकडे १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यान्वये व्यवसायाचे सांडपाणी नदीनाल्यात वा गटारात सोडण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र घ्यावे लागते. कोणत्या आकाराच्या धंद्यास ते लागते, याची चौकशी आपापल्या राज्याच्या मंडळाकडे करावी. सर्वसाधारण मानकांनुसार सार्वजनिक गटारात सोडावयाच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा, आणि नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक तेल व ग्रीज असता कामा नये.

ही मर्यादा पाळण्याचे पहिले साधन म्हणजे ‘ग्रीज ट्रॅप’. आडभिंती घातलेला हा लहानसा हौद होय. त्यात पाणी संथ होते, तेल वर तरंगते, खरकटे तळाशी बसते व मधले पाणी आडभिंतीखालून पुढे जाते. तेल व गाळ मिळून हौदाचा चौथा हिस्सा भरण्यापूर्वीच तो उपसावा आणि त्याची तारीख वहीत लिहावी. तेलकट भांडी धुण्यापूर्वी पुसून घ्यावीत. तळणाचे उरलेले तेल मोरीत न ओतता अधिकृत संकलकास द्यावे. तळणासाठी रोज ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे.

संमतीपत्र भिंतीवर लावले आणि हौद तुंबलेला ठेवला, तर त्या कागदास अर्थ तो काय? तुंबलेले गटार मोकळे करण्यासाठी आजही कोठे कोठे माणूस आत उतरविला जातो. संरक्षक साधनांवाचून असे उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे. तरीही माणसे गुदमरून प्राणास मुकतात. आपल्या मोरीतून गेलेले तेल कोणाच्या जिवावर बेतू नये, एवढी दक्षता प्रत्येक दुकानदाराने घ्यावी.