खोल टँक, खारं पाणी आणि उजेडाचा हिशेब



जुरोंग ईस्टला आमच्याच ब्लॉकमधले एक स्नेही कायमचे पुण्याला परतले आणि त्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक आमच्या हॉलमध्ये आला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट खोल. त्यातले प्रवाळ त्यांना नेणं शक्यच नव्हतं. भारतात दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसतात! तर पंधरा-सोळा जिवंत प्रवाळ आणि आचके देणारे दोन मेटल हॅलाइड दिवे असा संसार आमच्याकडे आला. दिवे बदलणं भागच होतं.

प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. उजेड कमी पडला तर उपासमार. एकदम जास्त झाला तर प्रवाळ शेवाळालाच घराबाहेर काढतो आणि पांढरा पडतो. दोन्हीकडून मरण त्याचंच.

दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा हवा?" अहो, वॅट म्हणजे विजेचं बिल, उजेड नव्हे. मोबाईलवरचा लक्स मीटरही इथे उपयोगाचा नाही, कारण लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात. डोळ्याला हिरवा जास्त दिसतो, निळा कमी, आणि प्रवाळाला हवा असतो मुख्यतः निळाच. मोजायचा तो 'पार', म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. मीटर महाग असतो, मी एका हौशी माणसाकडून आठवड्यापुरता आणला.

आता खोलीचा मुद्दा. पाणी तांबडा रंग लवकर शोषतं, पण स्वच्छ पाण्यात अडीच फुटांपर्यंत निळ्याची फारशी घट होत नाही. (पाणी पिवळसर असेल तर होते, म्हणून फिल्टरमध्ये कार्बन ठेवावा.) खरी गळती होते उजेड पसरल्यामुळे. १२० अंशांत पसरणाऱ्या एलईडीचा बराच उजेड वरच्या वर, काचेतून सोफ्यावर जातो. म्हणून खोल टँकला अरुंद कोनाची भिंगं असलेला दिवा बघावा, आणि एका मोठ्या दिव्याऐवजी दोन मध्यम घ्यावेत, म्हणजे सावल्या कमी पडतात.

जुने हॅलाइड २५० वॅटचे दोन. रोज ८ तास धरले तर महिन्याला १२० युनिट, म्हणजे ३० सेंटच्या दराने ३६ डॉलर. वर त्यांनी तापवलेलं पाणी थंड करायला चिलर धावतो तो वेगळाच. १२० वॅटचे दोन एलईडी घेतल्यावर ३६ चे सव्वासतरा झाले. गृहखात्याची मंजुरी इथेच मिळाली :-)

बसवल्यावर पूर्ण क्षमतेवर मोजलं. पाण्याखाली २० सेंटिमीटरवर पार ३१०, वाळूवर मध्यभागी ८५, कोपऱ्यात जेमतेम ४०. पहिला विचार आला तिसरा दिवा घ्यायचा. पण मग वरच्यांची होळी!

इथल्या समुद्राकडे बघितलं तर वेगळंच उत्तर मिळतं. सिंगापूरच्या दक्षिण बेटांभोवतीचं पाणी गढूळ असतं, उजेड लवकर संपतो, तरीही कमी उजेडात निभावणाऱ्या जाती तिथे टिकून आहेत. आपल्या मालवणलाही पाणी काही स्फटिकासारखं नसतं. तेव्हा तळ उजळवण्यापेक्षा तळाला कोण राहणार ते ठरवणं शहाणपणाचं. अ‍ॅक्रोपोरासारखे हावरे वरच्या दगडावर, ब्रेन कोरल मध्यभागी वाळूवर आणि मश्रूम कोरल कोपऱ्यात, अशी बैठक मांडली.

नवीन दिवा पहिल्या दिवसापासून पूर्ण लावायचा नाही, हे मात्र पक्कं. मी ४० टक्क्यांवर सुरुवात केली, दर शनिवारी ५ टक्के वाढ. या आठवड्यात ६० वर आलोय. एका अ‍ॅक्रोपोराचं टोक जरा फिकट वाटतंय, त्यामुळे येत्या शनिवारी वाढ नाही.