आधी शाईचा भाव, मग प्रिंटर

साल १९७७, जपान. कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकलं आणि सुईच्या टोकातून शाई टुणकन उडाली. ‘बबल जेट’ जन्मलं ते या अपघातातून. आजही कॅनन आणि एचपीच्या घरगुती इंकजेटमध्ये हेच घडतं. इवलासा हीटर क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा धरतो आणि बुडबुडा थेंबाला कागदावर ढकलतो. एप्सनची वाट वेगळी: वीज मिळाली की पिझो स्फटिक किंचित वाकतो आणि शाई बाहेर पडते. तापवणं नाहीच.

फोटो छापणाऱ्या प्रिंटरचा थेंब २ पिकोलीटरइतका लहान असू शकतो. म्हणजे ५ मिलिलीटरच्या एका चमचाभर शाईत असे २५० कोटी थेंब! आणि घरगुती प्रिंटरच्या छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई असते ती साधारण अशीच, चमचा-दीड चमचा. म्हणून दुकानात पाऊल टाकल्यावर प्रिंटरची किंमत नंतर विचारा. आधी त्याच्या कार्ट्रिजची किंमत विचारा आणि ते किती पानं छापतं हे खोक्यावर वाचा. भागाकार करा. समजा कार्ट्रिज ६०० रुपयांचं आणि पानं १२०, तर पानामागे ५ रुपये गेले, कागद वेगळा. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाणं परवडतं.

खोक्यावरचा आकडाही जरा कमीच धरावा. तो नमुन्याची पानं एका दमात सलग छापून काढलेला असतो. आपण आज दोन पानं छापतो, मग दहा दिवसांनी एक. मधल्या काळात प्रिंटर थेंब सोडणारं हेड साफ करायला शाई वापरतो आणि ती शाई आतल्या स्पंजमध्ये जिरते. दुरुस्तीवाला ‘वेस्ट इंक पॅड फुल झालंय’ म्हणतो ना, तोच हा स्पंज. आपण पैसे मोजलेली शाई, कागदाचं तोंडही न पाहिलेली.

या खर्चावरचा तोडगा म्हणजे इंक टँक, आणि त्याची गोष्ट सुरू होते इंडोनेशियात. महागड्या कार्ट्रिजला कंटाळून लोकांनी प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही असा जुगाड अनेकांनी केला. २०१० मध्ये एप्सनने तिथेच, इंडोनेशियात, कंपनीची टाकी बसवलेला प्रिंटर आणला. त्यांच्या ००३ या काळ्या शाईच्या बाटलीत ६५ मिलिलीटर शाई येते आणि कंपनीच्या हिशेबाने तिच्यात ४५०० पानं निघतात. शाळकरी मुलं असलेल्या घरात, जिथे आठवड्याला प्रोजेक्ट आणि वर्कशीट छापावी लागतात, तिथे मी बेधडक टँकच सुचवेन.

पण महिन्यातून चार पानंच लागत असतील तर? तर टँकही नको. इंकजेटचा खरा शत्रू म्हणजे नुसतं पडून राहणं. शाई वाळते, हेड चोंदतं. स्वस्त मॉडेलांत बऱ्याचदा हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असतं, त्यामुळे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं मिळतं. एप्सनमध्ये मात्र ते मशीनमध्ये कायमचं बसवलेलं असतं आणि चोंदलं की खर्च मोठा.

अशा घरासाठी उत्तर आहे ब्लॅक-अँड-व्हाइट लेझर. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात चेस्टर कार्लसन या संशोधकाने तारीख आणि गावाचं नाव एवढाच मजकूर कोरड्या पद्धतीने कागदावर उमटवला. आपण रोज उच्चारतो तो ‘झेरॉक्स’ शब्द मुळात ‘कोरडं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. लेझर प्रिंटर चालतो कार्लसनच्या त्याच कोरड्या तत्त्वावर. टोनर म्हणजे प्लास्टिकची रंगीत भुकटी, ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. ओलं काहीच नाही, मग वाळणार काय? मे महिनाभर गावी जाऊन या, परतल्यावर पहिलं पान स्वच्छ येतं.

एचपीच्या लेझरजेट १०२० चं १२ए टोनर आणि कॅननच्या एलबीपी२९०० चं ३०३, दोन्हींत साधारण २००० पानं निघतात. ही जुनी मॉडेलं दुकानादुकानांत वर्षानुवर्षं राबली, कारण टोनर रिफिल करून मिळतो आणि सुटे भागही मिळतात. माझ्या मते भरवशाच्या प्रिंटरची हीच खूण. विकत घेण्याआधी गावातल्या दुरुस्तीवाल्याला विचारावं, ‘तुमच्याकडे याचे पार्ट येतात का? टोनरला रिफिल अडवणारी चिप आहे का?’

इंकजेटच वापरत असाल, तर शाई वाचवता येते. काळं पान छापताना काही इंकजेट रंगीत शाई मिसळतात. सेटिंगमध्ये ग्रेस्केल आणि ड्राफ्ट निवडलं की ती वाचते. फॉन्टनेही फरक पडतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे शाखेने ईमेलसाठी एरियल सोडून सेंच्युरी गॉथिक घेतला, कारण छापताना त्याला सुमारे ३० टक्के कमी शाई लागते. आपल्या देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर शिरोरेखा! घरच्या कच्च्या प्रतीला ठळक अक्षर नकोच.

आणि इंकजेट बंद करायचा तो त्याच्याच बटणाने. भिंतीवरचा स्विच आधी दाबला तर छपाईच्या मध्येच थांबलेलं हेड आपल्या झाकणाखाली जात नाही आणि उघड्यावर वाळतं. आठवड्यातून एक रंगीत पान छापलं की नळ्या मोकळ्या राहतात.

लेझरवाल्यांनी पावसाळ्यात कागद सांभाळावा. कोकणात, मुंबईत उघडी रीम चार दिवसांत दमट होते, मग कागद वाकतो, अडकतो, छपाई फिकट येते. लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा, बाकीची रीम प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात.