समोर बसलंय कोण?

भाषणाचे प्रकार किती, असं कुणी विचारलं की आपण वक्त्याकडे बघून मोजायला लागतो. कुणी गरजतो, कुणी हसवतो, कुणी कागदातून डोकं वर काढत नाही. सुमारे 2,300 वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटल याच प्रश्नाला भिडला आणि त्यानं मोजली ती समोर बसलेली माणसं! ऐकणारे तीन तऱ्हेचे, म्हणून भाषणंही तीन तऱ्हेची. त्याहून गंमत म्हणजे त्यानं या तिघांना व्याकरणातले तीन काळ वाटून दिले. कोर्टातला श्रोता घडून गेलेल्याचा निवाडा करतो, म्हणून तिथलं भाषण भूतकाळाचं. नागरिकांच्या सभेत पुढे काय करायचं ते ठरतं, म्हणजे भविष्यकाळ. गौरवाच्या भाषणाला श्रोता नुसता बघ्या. त्याच्या वाट्याला वर्तमान.

अथेन्सच्या कोर्टात वेळ पाण्यानं मोजत. मातीचं भांडं, बुडाशी बारीक नळी. उत्खननात असं एक भांडं सापडलंय, त्यातलं पाणी ओसरायला सुमारे 6 मिनिटं लागतात. आपल्या लग्नांतलं घटिकापात्र याच्या बरोब्बर उलटं: तिथे वाटी भरत भरत बुडते, इथे भांडं रिकामं होतं. काही खटल्यांत साक्षी वाचून दाखवताना नळी बंद करून ठेवत, म्हणजे वक्त्याचं पाणी फुकट जायला नको.

टिळकांचा खटला त्या भांड्यात मावला नसता. जुलै 1908, मुंबई हायकोर्ट, आरोप राजद्रोहाचा. वकील न देता ते स्वतः उभे राहिले आणि काही दिवस मिळून सुमारे 21 तास बोलले. ज्या लेखांवरून आरोप, ते ‘केसरी’तले, मराठी, ज्युरीपुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर. ज्युरीत 9 जण: 7 युरोपीय, 2 पारशी. निकाल 7 विरुद्ध 2 असा लागला, शिक्षा 6 वर्षांची, रवानगी मंडालेला. त्या नऊ जणांपुरतं पाहिलं तर भाषण फसलं. मला मात्र वाटतं, त्यांचा खरा श्रोता कोर्टाच्या भिंतींबाहेर होता आणि तो निवाडा करायला नव्हे, पुढचं ठरवायला बसला होता. कोर्टात उभं राहून केलेलं हे भविष्यकाळाचं भाषण!

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेब आंबेडकर घटना समितीत बोलले, ते याच्या उलट्या दिशेनं. राज्यघटना तयार होती, दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारली गेली. एखाद्यानं अशा वेळी आभार मानून गौरव उरकला असता. बाबासाहेब थेट सिंधच्या दाहीर राजापर्यंत मागे गेले, त्याचे सरदार कसे फितूर झाले ते सांगितलं आणि विचारलं की मिळालेलं स्वातंत्र्य पुन्हा तर जाणार नाही ना? प्रसंग गौरवाचा, दाखले इतिहासातले, धास्ती उद्याची. तिन्ही काळ एकाच भाषणात.

आणि कीर्तन? ते कुठल्या खणात ठेवायचं? नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात तत्त्व उलगडतात, मध्ये नामाचा गजर होतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो, मग उत्तररंगात आख्यान. पूर्वरंगाला डुलक्या घेणारी आजी आख्यानाला ताठ बसते. म्हणजे बुवा तेच, देऊळ तेच, श्रोता मात्र मध्यंतरात बदलला!

राहिलं आभारप्रदर्शन. आपल्याकडचा सगळ्यांत दुर्लक्षित प्रकार. ‘आता आभार’ एवढं कानावर पडायचा अवकाश, खुर्च्या सरकतात, लोक चपला शोधू लागतात. माइकवरचा माणूस तरी अध्यक्षांपासून चहावाल्यापर्यंत एकेक नाव घेतच असतो. पहिल्या रांगेचं लक्ष नसतं. मागे खांबाला टेकून उभा असलेला मंडपवाला तेवढा, आपलं नाव येईपर्यंत, कान देऊन ऐकत असतो.