साकवापलीकडची वाडी

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूरकडून महाडला येते. महाडच्या आसपास काळ आणि गांधारी तिला भेटतात. तिन्ही नद्यांना एकदम पाणी आले आणि खाडीला भरती असली, की महाडची बाजारपेठ बुडते. दुकानांतल्या चिखलाचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे झळकतात. डोंगरातल्या वाड्यांचे हाल मात्र फोटोत येत नाहीत. वाडी एका अंगाला, शाळा आणि एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला आणि मध्ये पऱ्ह्या. चैत्रात त्यात घोटा भिजत नाही. आषाढात तोच ओलांडायला साकव लागतो. साकव नसला, किंवा मागच्या पावसाने नेला असला, तर बाळंतपणाला अडलेल्या बाईला डोलीत घालून लांबच्या वाटेने उतरवायचे. जिल्हा परिषदेच्या सभांत आणि निवडणुकांच्या प्रचारात साकवाइतका चावून चोथा झालेला विषय कोकणात दुसरा नसेल.

पूल बांधणाऱ्या शकुंतला भगत यांची आठवण याच मुलखाच्या निमित्ताने काढावीशी वाटते. त्यांचे नाव झाले ते हिमालयातल्या पुलांमुळे. पण ज्या प्रश्नाला त्यांनी हात घातला, तो पोलादपूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

जन्म १९३३ चा. वडील एस. बी. जोशी हे पुलांच्या क्षेत्रातले नामांकित अभियंते. १९५३ साली मुंबईच्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शकुंतलाबाईंनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आणि पवईच्या आयआयटीत अध्यापन. त्यांच्यावर लिहिणारा जो तो ‘भारतातील पहिल्या महिला स्थापत्य अभियंता’ या बिरुदाने सुरुवात करतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. ते बिरुद तपासून पाहावे असे आहे. मद्रासजवळच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून पी. के. त्रेसिया १९४४ सालीच स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडल्या होत्या आणि १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंताही झाल्या. शकुंतलाबाईंचे मोठेपण ‘पहिली’ या शब्दावर उभे नाही, त्यामुळे हे सांगताना हात आखडायचे कारण नाही. अर्थात काळ कसा होता हेही विसरता येत नाही. १९७४ सालीदेखील टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापलेले होते. सुधा कुलकर्णी या तरुणीने त्यावर जेआरडींना पत्र टाकले, तो किस्सा आता घरोघरी माहीत आहे. त्या जाहिरातीच्या चार वर्षे आधी, १९७० साली, शकुंतलाबाई आणि त्यांचे पती अनिरुद्ध भगत यांनी पूल बांधणारी स्वतःची कंपनी काढलेली होती. तिचे नाव क्वाड्रिकॉन.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक नाल्याची रुंदी निराळी, म्हणून प्रत्येक पुलाचा आराखडा निराळा. नवे आराखडे, नव्या मंजुऱ्या, जागेवरच सगळे घडवायचे. मोठ्या नदीला हा खर्च शोभतो, पण दरीतल्या गावाला तो कायमचा रांगेत शेवटी उभा करतो. त्यावर भगत दांपत्याने पोलादी भागांचा एक ठरावीक संच तयार केला. कारखान्यात बनवायचा, छोट्या वाहनाने डोंगरात चढवायचा आणि तिथे जोडायचा. त्याच भागांतून लहान पूल होतो, मोठा होतो, अरुंद होतो, रुंदही होतो. यातला अवघड भाग म्हणजे सांधा. पुलावरून गाडी गेली की सांध्यावर दोन भागांना एकमेकांवरून सरकवू पाहणारा जोर येतो. रिव्हेट, बोल्ट किंवा जागेवरची वेल्डिंग तिथे दगा देऊ शकते. हा जोर पेलण्यासाठी घडवलेला युनिशिअर नावाचा जोड हे त्यांचे खास संशोधन.

सुट्या भागांचा पूल ही कल्पना तशी जुनी. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या इंग्रज अभियंत्याने केलेला पूल सैन्याने जगभर वापरला. मुंबईकरांनी तो पाहिला २०१८ साली, एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने तिथे पादचारी पूल उभारला तेव्हा. पण बेलीचा पूल मुळात वेळ निभावण्यासाठीचा. भगतांना कायम राहणारा हवा होता.

न वापरलेल्या पद्धतीवर पहिली सही करायला कोणते सरकारी खाते पुढे येते? सुरुवातीला पैसा त्यांनी स्वतःच उभा केला. १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत पहिले दोन लहान पूल चार महिन्यांत उभे राहिले. बर्फ वितळून पुन्हा पडेपर्यंत हाताशी असतात तेवढेच महिने. १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत ६९ पूल झाले. १९९३ साली त्यांना वर्षातील सर्वोत्तम महिला अभियंता हा सन्मान मिळाला आणि २०१२ मध्ये त्या गेल्या.

याला समाजकार्य का म्हणायचे, असा प्रश्न कोणी विचारील. कंपनी होती, पेटंट होते, कंत्राटे होती. आपल्याकडे सेवा म्हटली की त्याग, खादी आणि आश्रम डोळ्यांपुढे येतात. मला ही व्याख्या कोती वाटते. ज्या गावाला पूल परवडत नव्हता त्याला परवडेल असा पूल शोधून काढायचा आणि त्यासाठी स्वतःची पुंजी लावायची, हे मोफत वह्या वाटण्यापेक्षा कमी कसे?

महाड-पोलादपूरकडे पुन्हा वळतो ते यासाठीच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. शोध खाडीच्या मुखापर्यंत चालला. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ ला, पाऊस लागायच्या आत, खुला झाला. म्हणजे ठरवले की होते. पण तो महामार्ग होता, सारा देश बघत होता. वाडीच्या साकवाला १६५ दिवसांत कागदही हलत नाही, आणि दिवाळीपासून मृगापर्यंतचा कोरडा हंगाम अंदाजपत्रकातच सरतो. स्पितीत बर्फ जे करते, ते इथे पाऊस करतो.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. दरड काही पुलाने थांबत नाही. पण रस्ते पाण्याखाली आणि मातीखाली गेल्याने मदत उशिरा पोचली, आणि वाट तुटली तर ती दोन दिवसांत कशाने जोडायची, याचे तयार सामान तालुक्याच्या गोदामात असायला हवे की नको? आज दोरखंड असतात, जॅकेटे असतात, रबरी होड्या असतात. जोडून उभा करता येईल असा साकवही त्यात असावा.

महाडहून महामार्गाने मुंबईच्या दिशेला निघाले की वाटेत लोणेरे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून तिथे आहे. चवदार तळ्याच्या गावाशेजारी बाबासाहेबांच्या नावाने तंत्रशिक्षण उभे राहावे, हा योग मोठा आहे. तिथल्या स्थापत्य शाखेने आपल्या मुलामुलींना एकच काम नेमून द्यावे: पंधरा मीटरपर्यंतच्या पऱ्ह्यांसाठी ठरावीक भागांचा साकव, जीपने वर नेता येईल आणि गावचे लोक देखरेखीखाली जोडू शकतील असा. आराखडा एकदाच मंजूर व्हावा, जिल्ह्याने भाग घाऊक घडवून घ्यावेत आणि पहिला साकव पोलादपूर तालुक्यातच जोडून पाहावा.