न फोडलेली पाकिटं

कर्जाचा सल्ला मागायला येणाऱ्या माणसाच्या हातात पुष्कळदा एक पिशवी असते. सुपरमार्केटची, वाणसामान आणायची. तिच्यात पाकिटं कोंबलेली असतात. पांढरी, तपकिरी, पत्त्याच्या जागी पारदर्शक खिडकी असलेली, आणि त्यांतली बरीचशी फोडलेलीच नसतात. ब्रिटनमध्ये बँक, वीजकंपनी, नगरपालिका, कोर्ट, वसुलीवाले हे सगळे अजूनही टपालाने धाक घालतात. दाराच्या फटीतून पाकीट आत पडल्याचा आवाज आला की पैसे थकलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. तो पाकीट उचलतो आणि न वाचता खणात टाकतो. खण भरला की पिशवी.

सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्लासंस्थेच्या कचेरीत पहिली भेट बरीचशी ही पाकिटं फोडण्यातच जाते. सल्लागार टेबलावर गठ्ठे लावत जाते. ज्याचं देणं, त्याच्या नावाचा गठ्ठा. मग उलगडा व्हायला लागतो. क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं बँकेने वसुली कंपनीला विकलेलं असतं, तिने पुढे तिसऱ्याच कंपनीला, आणि तिघांची पत्रं पिशवीत असतात. ज्याला आपण नऊ जणांचे देणेकरी आहोत असं वाटत होतं, तो प्रत्यक्षात सहाच जणांचा निघतो. रकमेत एका पौंडाचाही फरक पडलेला नसतो, तरी माणूस खुर्चीत जरा सैल बसतो.

‘एवढा खर्च केलासच कशाला?’ हा प्रश्न इथे कोणी विचारत नाही. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे कर्जाची गोष्ट काढली की पहिला प्रश्न हाच येतो, आणि म्हणून ती गोष्ट काढलीच जात नाही. या संस्थेने हा प्रश्न कामातूनच वगळला आहे. सल्ला फुकट, गुप्त आणि उपदेशाशिवाय, हे तिचं जुनं धोरण आहे.

जुनं म्हणजे महायुद्धाइतकं जुनं. 3 सप्टेंबर 1939 ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी देशभरात 200 ‘सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो’ उघडले. एवढी तत्परता सरकारी खात्याची नव्हती. युद्ध होणार हे दिसत होतं, तेव्हा नॅशनल कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस या स्वयंसेवी संघटनेने आधीच आखणी करून ठेवली होती. कुठे ग्रंथालयाचा कोपरा, कुठे चर्चची खोली, कुठे कोणाच्या घराचा दिवाणखाना. बॉम्ब पडायला लागले तेव्हा घोडे वाहून न्यायची एक गाडी फिरता ब्युरो म्हणून पडझड झालेल्या भागांत नेऊन उभी करत. रेशनकार्ड जळालं, नवरा बेपत्ता आहे, मुलं गावी पाठवली त्यांचा पत्ता लागत नाही, असे प्रश्न येत. कर्जाचे प्रश्नही तेव्हापासूनचे आहेत. घरातला कर्ता पुरुष फौजेत गेला की कमाई घटायची, पण घरातल्या सामानाचे हप्ते घटत नव्हते. 1942 पर्यंत ब्युरोंची संख्या हजारावर गेली. युद्ध संपल्यावर सरकारी पैसा आटला आणि त्यांतले निम्म्याहून अधिक बंदही पडले. 1970 च्या दशकात सरकारने पुन्हा हात दिला, तेव्हा संस्थेने परत बाळसं धरलं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये दोनशेहून अधिक स्थानिक संस्था या एका नावाखाली चालतात. प्रत्येकीची नोंदणी वेगळी, विश्वस्त वेगळे, आणि कामाला पगारी माणसांबरोबर बिनपगारी माणसंही असतात. निवृत्त शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी, कधीतरी स्वतःच अशी पिशवी घेऊन आलेले लोकही.

परत टेबलाकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

गठ्ठे लागले की त्यांचे दोन भाग होतात. एकीकडे घरभाडं किंवा गृहकर्जाचा हप्ता, नगरपालिकेला द्यायचा काउन्सिल टॅक्स, गॅस, वीज, कोर्टाचा दंड. दुसरीकडे क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, हप्त्यावरचे कपडे, ऑनलाइन उधारी. पहिली देणी अग्रक्रमाची, दुसरी नंतरची. बाहेरून पाहणाऱ्याला हे उफराटं वाटतं, कारण दिवसातून पाच फोन येतात ते क्रेडिट कार्डवाल्यांचे. धमकीची भाषा त्यांची, लाल अक्षरं त्यांची. नगरपालिकेचं पत्र मात्र थंड आणि कोरडं असतं. पण क्रेडिट कार्ड थकलं म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. काउन्सिल टॅक्सचा हप्ता चुकला आणि स्मरणपत्राकडे दुर्लक्ष केलं, तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागता येते, मग कोर्टाचा आदेश, मग दारात जप्तीचा माणूस, म्हणजे बेलिफ. जाणूनबुजून टाळाटाळ केली असं ठरलं तर इंग्लंडच्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. वेल्सने ती 2019 मध्ये काढून टाकली. म्हणजे देण्यांचा क्रम कोण किती ओरडतो यावर लावायचा नसतो. कोण काय हिरावून घेऊ शकतो, यावर लावायचा असतो. मला विचाराल तर या संस्थेची सगळी विद्या या एका गोष्टीत आहे.

बेलिफबद्दलही सांगितलं जातं. अशा थकबाकीसाठी पहिल्यांदा आलेला बेलिफ दार तोडून आत येऊ शकत नाही. रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात तर त्याने यायचंच नसतं. दार उघडून त्याला आत घेतलं मात्र, तर तो सामानाची यादी करू शकतो. तेव्हा बोलायचं ते बंद दाराआडून. कायद्यातली एवढी बारकी गोष्ट, पण ती ठाऊक नसल्याने लोक भीतीपोटी स्वतःच दार उघडतात.

यानंतर येतो जमाखर्चाचा तक्ता. 2017 पासून ब्रिटनमधल्या कर्जसल्ला संस्था बहुतेक एकच ठरावीक नमुना वापरतात, आणि बँका व वसुली कंपन्याही तो मान्य करतात. त्यात केस कापण्यापासून मुलांच्या शाळेच्या सहलीपर्यंत रकाने आहेत. सल्लागार विचारते, तुम्ही जेवणावर किती खर्च करता? समोरचा लाजेने कमीच सांगतो. ती म्हणते, एवढ्यात भागत नाही, खरं सांगा. सावकारापुढे आपण काटकसरी दिसावं म्हणून कमी आकडा लिहिला, तर जास्त हप्ता कबूल केला जातो आणि तिसऱ्या महिन्यात तो पुन्हा तुटतो. या तक्त्यात बचतीचाही एक रकाना आहे, तो मला फार आवडतो. खर्च जाऊन जे उरेल त्याचा एक दशांश भाग, पण महिन्याला जास्तीत जास्त 20 पौंड, कर्जदाराने बाजूला टाकावेत आणि बँकांनी त्यावर हक्क सांगू नये, असं ठरलेलं आहे. कारण धुण्याचं यंत्र बिघडलं की माणूस पुन्हा कर्ज काढायला जाणार, हे आता सगळ्यांनाच कळून चुकलंय.

तक्त्याच्या तळाशी काय उरतं, त्यावर पुढची वाट ठरते. काही उरत असेल तर सगळ्यांना प्रमाणात थोडं थोडं वाटायचं. फारच थोडं उरत असेल तर महिन्याला एक पौंड, निव्वळ नाममात्र. दम खायला वेळ हवा असेल तर ‘ब्रीदिंग स्पेस’ आहे. 4 मे 2021 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झालेली ही योजना 60 दिवस व्याज, दंड आणि वसुली थांबवते, पण ती सल्लागाराच्या हातूनच मिळते, परस्पर नाही. आणि ज्याच्याकडे घर नाही, शिल्लक नाही, उत्पन्नही जेमतेम, त्याच्यासाठी ‘डेट रिलीफ ऑर्डर’. 2009 मध्ये ती सुरू झाली. एकूण देणं 50 हजार पौंडांच्या आत असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर 12 महिने कोणी मागे लागू शकत नाही, आणि त्यानंतर त्यात धरलेली देणी माफ होतात. गंमत अशी, की दिवाळखोरीच्या या गरिबांच्या वाटेलाही 90 पौंड फी होती. ती 2024 च्या एप्रिलमध्ये रद्द झाली.

याच देशात, लंडनमध्ये, 1824 साली चार्ल्स डिकन्सचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात बसले होते आणि बारा वर्षांचा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. कर्जासाठी कैद 1869 च्या कायद्याने बहुतांशी संपली. आपल्याकडे 1875 मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि दस्तऐवज जाळले, तेव्हा कुठे चार वर्षांनी दख्खनसाठी कायदा आला. त्याने शेतकऱ्याची कर्जापायी होणारी अटक थांबवली आणि रोख्यावर नुसता अंगठा बघून न थांबता मूळ व्यवहार तपासायला न्यायाधीशाला सांगितलं. कागद फोडून आत बघणं हे तिथेही करावंच लागलं.

या सगळ्याचा खर्च कोण करतं? कर्जसल्ल्याच्या खर्चाचा मोठा भाग ‘मनी अँड पेन्शन्स सर्व्हिस’ या सरकारी यंत्रणेकडून येतो, आणि तिचा पैसा वित्तीय कंपन्यांवर बसवलेल्या आकारणीतून. म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्याच खिशातून. हे मला न्याय्य वाटतं.

पण संस्था नुसती पाकिटं फोडून थांबत नाही. रोज काय ऐकलं त्याची ती नोंद ठेवते. बँका कर्जासोबत एक विमा विकायच्या: आजारी पडलात, नोकरी गेली, तर हप्ते विमा कंपनी भरेल. तो विमा ज्यांना कधीच लागू होणार नव्हता, अशा स्वयंरोजगारवाल्यांना आणि निवृत्तांनाही विकला गेला होता. सल्लागारांच्या टेबलांवर तेच तेच कागद येत राहिले. 2005 मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइसने ‘सुपर कंप्लेंट’ दाखल केली. ग्राहकसंघटनांना कायद्याने दिलेला हा हक्क आहे, आणि नियामकाला 90 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2019 च्या मुदतीपर्यंत आलेल्या दाव्यांपोटी बँकांनी ग्राहकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत केली. 0.8 टक्के रोजचं व्याज आणि कर्जाच्या दुपटीपलीकडे वसुली नाही, ही पगारापूर्वीच्या झटपट कर्जांवरची मर्यादा 2015 मध्ये आली, त्यामागेही अशाच टेबलांवरचा पुरावा होता. मुद्दलाच्या दुपटीवर घेऊ नये, हे आपलं दामदुपटाचं तत्त्व तिथे एकविसाव्या शतकात पोचलं.

मग 2022 उजाडलं. सामान्य घराच्या वीज-गॅसची वर्षाची कमाल आकारणी 2021 च्या ऑक्टोबरमध्ये 1,277 पौंड धरली जात होती, ती एप्रिलमध्ये 1,971 झाली. ऑक्टोबरात सरकारने मधे पडूनही ती 2,500 वर थांबली. त्याच महिन्यात महागाई 11.1 टक्क्यांवर होती, 41 वर्षांतली सर्वाधिक. सर्वांत जास्त हाल झाले ते प्रीपेड मीटरवाल्यांचे. कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्डात पैसे भरून आणायचे, संपले की अंधार. भरलेल्या दहा पौंडांतून आधी जुनी थकबाकी कापली जाते, मग गॅस न जाळलेल्या दिवसांचा स्थिर आकार, आणि उरेल त्यात आंघोळ. कागदोपत्री कंपनीने यांची वीज तोडलेली नसते, त्यामुळे ही घरं कुठल्या आकडेवारीतही येत नाहीत. 2022 मध्ये 32 लाख लोकांचं मीटर पैशाअभावी बंद पडलं, असा अंदाज सिटिझन्स ॲडव्हाइसने 2023 च्या जानेवारीत जाहीर केला. पुढच्याच महिन्यात एका वृत्तपत्राने जबरदस्तीने मीटर बसवण्याचे प्रकार उघड केले आणि नियामकाला ते थांबवायला सांगावं लागलं.

आता या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. अलीकडे संस्थेकडे कर्जासाठी येणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं अंथरूणच गुडघ्यापर्यंत येतं. भाडं, वीज, जेवण एवढंच धरलं तरी तक्त्याच्या तळाशी वजा आकडा. जुनं कर्ज माफ करून घेतलं तरी पुढच्या महिन्यात नवं उभं राहणार. अशा वेळी सल्लागार उलट्या बाजूने शोधायला लागते: हक्काचं काही मागायचं राहून गेलंय का? एकट्या पेन्शनर बाईला ‘पेन्शन क्रेडिट’ हा भत्ता मिळू शकतो हे ठाऊक नसतं, किंवा मागायचा संकोच असतो. तो मिळाला की पंचाहत्तरीनंतर टीव्हीचं लायसन्सही फुकट होतं. पाणीकंपनीची सवलत, नगरपालिकेच्या मदतनिधीतले थोडे पैसे, मीटरचं व्हाउचर. आणि काहीच नसेल तर फूड बँकेची चिठ्ठी. ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांनी 2023-24 या वर्षात 31 लाखांवर शिध्याची पार्सलं वाटली. कर्जसल्लागाराने शिध्याची चिठ्ठी लिहावी, ही त्याच्या कामाची हार नव्हे, पण त्या देशाच्या पगारांबद्दल आणि भाड्यांबद्दल बरंच काही सांगणारी गोष्ट आहे.

मराठी घरांशी याचा संबंध गेल्या काही वर्षांत वाढलाय. शिकायला गेलेली मुलं, वृद्धांची शुश्रूषा करायला व्हिसा घेऊन गेलेली माणसं. त्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असं असतं, म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते मागता येत नाहीत. त्यावरून पुष्कळांची समजूत होते की आपल्याला कुठेच तोंड उघडता येणार नाही, व्हिसा जाईल. तसं नाही. सल्ला हा ‘पब्लिक फंड’ नव्हे, आणि तिथे राहणाऱ्याला ब्रीदिंग स्पेसही मागता येते. उलट भत्ता मागून बसलो तर व्हिसाला धोका, म्हणून कुठला अर्ज भरायचा नाही हे कळायलाच आधी सल्ला घ्यावा. फक्त एक ध्यानात ठेवायचं: भारतातल्या बँकेच्या शैक्षणिक कर्जाला जामीन राहिलेल्या आईवडिलांचं संरक्षण त्या 60 दिवसांत होत नाही.

मुलांना हमखास पकडणारं देणं काउन्सिल टॅक्सचं. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो. अभ्यासक्रमाची शेवटची तारीख उलटली की माफी संपते. मूल मात्र नोकरी शोधण्याच्या धांदलीत स्वतःला अजून विद्यार्थीच समजत असतं. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सचं झालं. मूल ग्लासगोला किंवा एडिंबराला असेल तर तिथली सिटिझन्स ॲडव्हाइस निराळी, कायदे निराळे, आणि वसुलीला मिळणारी स्थगिती साठ दिवसांची नाही, सहा महिन्यांची आहे.