टपोरा दाणा आणि त्याचा वंश

जठारपेठेंतील माझे एक कास्तकार स्नेही दरवर्षीं हरभऱ्याच्या राशींतून टपोरे दाणे चाळून बियाण्यास ठेवतात. वाण एकच, अकोल्याच्या पंजाबराव कृषि विद्यापीठाचा काबुली ‘काक-२’. चार वर्षें झालीं, दाणा कांहीं वाढला नाहीं. त्यांचे श्रम वायां कां गेले?

याचें उत्तर डेन्मार्कच्या योहानसेन यांनीं १९०३ सालीं दिलें. घेवड्याच्या एकाच झाडाच्या संततींतील लहान व मोठे दाणे त्यांनीं वेगवेगळे पेरले. दोहोंच्या पिकांत सरासरी वजन सारखेंच भरलें. असा लहानमोठेपणा ओल, खत व शेंगेंतील जागा यांमुळें येतो. तो पुढील पिढींत उतरत नाहीं. उतरतात तीं जनुकें, आणि दाण्याच्या आकारामागें तीं पुष्कळ असतात. भाताचें असें एक जनुक चिनी संशोधकांनीं २००७ सालीं उजेडांत आणलें. तें तुसांतील पेशींचें विभाजन आवरतें. तें निकामी झालें कीं दाणा रुंदावतो.

सरमिसळ गावरान बियाण्यांत मात्र निवड फळते, कारण तेथें वंशच निरनिराळे असतात. स्नेह्यांस मीं हें सांगितलें. ते हसून म्हणाले, “गुरुजी, चाळणी मी सोडणार नाहीं, टपोरा दाणा उगवतो तरी जोमानें!” तेंही खरेंच.